कुरवंजीने सांगितलेला भूगोल



कावेरीकाठचे कुंभकोणम मंदिरांसाठी विख्यात आहे. तो मुलूख एके काळी तंजावरच्या भोसल्यांचा होता, हे मात्र थोड्यांच्याच स्मरणात असते. 1799 च्या तहाने सरफोजीराजांचा राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. हाती उरला तंजावरचा किल्ला, आसपासचा प्रदेश आणि विद्येचे वेड. श्वार्ट्झ या मिशनऱ्यापाशी शिकलेल्या ह्या राजाने ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी स्त्री विरहिणी नायिकेचा हात पाहते. सरफोजींची कुरवंजी जगाचा भूगोल सांगते, आणि तोही गाऊन! ज्याच्या स्वतःच्या राज्याची सीमा किल्ल्याभोवती आक्रसली, त्याने अवघी पृथ्वी रंगभूमीवर आणावी, हे विलक्षणच. (भूगोलाच्या तासाला पेंगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.)

सरफोजी हयात असतानाच, 1828 मध्ये, कुंभकोणमच्या एका मराठी घराण्यात टी. माधवराव जन्मले. बडोद्याचे दिवाण असताना तरुण सयाजीरावांना राज्यनीती शिकविण्याचा ध्यास त्यांनी घेतला. ती व्याख्याने 1881 मध्ये ग्रंथरूपाने निघाली. भाषा इंग्रजी होती; गुरू आणि शिष्य दोघेही मराठी.