रक्त बदलणे, रक्त गाळणे आणि मेंदूचा मलेरिया



आरोग्यावर बोला, असे संस्थेने आम्हाला सांगितले. व्यसनमुक्ती, स्वच्छता, सकस आहार हे ठरलेले विषय आहेत आणि ते चांगलेच आहेत. पण रक्तदान शिबिरात आम्हाला वारंवार एक प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर आज द्यावे असे वाटले. मलेरिया डोक्यात चढला तर सगळे रक्त बदलून माणूस वाचतो म्हणतात, खरे का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यापायी मंगळसूत्र गहाण पडते, अर्धा एकर शेत जाते.

प्रथम रोग समजून घेऊ. मलेरियाचा जंतू लाव्हेरान यांनी १८८० साली रक्तात पाहिला आणि डासाच्या पोटात तो रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत सापडला. फॅल्सिपेरम ही त्यातली सर्वांत घातक जात. हा जंतू तांबड्या पेशीत शिरतो, सुमारे ४८ तासांत आत वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशी धरतो. शंभरातल्या दहा पेशी बाधित झाल्या म्हणजे रोग हाताबाहेर चालला असे समजावे.

मग डॉक्टरांच्या मनात सरळ विचार आला. बाधित रक्त काढावे, निरोगी माणसाचे भरावे. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर रक्त बदलतातच. मलेरियात हा उपाय १९७० च्या दशकात सुरू झाला. पुढे अफेरेसिसचे यंत्र आले. ते रक्त घुसळून तांबड्या पेशी वेगळ्या काढते, रुग्णाचा रक्तद्रव परत देते आणि दात्याच्या पेशी भरते. मोठ्या माणसासाठी अनेक पिशव्या लागतात. जंतूंचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले तर याचा विचार करा, असे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्थाही सांगत असे.

मात्र २०१३ साली त्याच संस्थेने आपल्याकडच्या नोंदी तपासल्या. रक्त बदललेले १०१ रुग्ण आणि तितकेच आजारी पण रक्त न बदललेले रुग्ण, यांची तुलना केली. वाचण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही, आणि संस्थेने ती शिफारस मागे घेतली. परंपरेने आले म्हणून किंवा मोठ्याने सांगितले म्हणून मान्य करू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. आपलाच उपाय असा पारखून बाजूला ठेवणारे लोक आम्हाला त्याच वाटेवरचे वाटतात.

फरक का पडला नाही? फॅल्सिपेरमची वाढलेली पेशी रक्तात फिरत राहत नाही. ती मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. रक्त बदलले तर वाहती पेशी निघते, चिकटलेली तिथेच राहते. विहीर उपसली तरी कपारीतला गाळ तसाच, अशातली गत.

दुसरे कारण औषधाचे. जुने क्विनाइन वाढलेल्या जंतूवर चालते, तर आर्टेसुनेट पेशीत नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या जंतूलाही मारते, त्यामुळे पेशी चिकटण्याआधीच काम होते. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातल्या १४६१ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २००५ साली आला. क्विनाइनवर शंभरात २२ दगावले, आर्टेसुनेटवर १५. आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांवरील चाचणीनेही २०१० साली तोच कौल दिला. ज्या वनस्पतीतून हे औषध निघाले, तिच्यावर काम करणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. आणि गंमत पाहा, औषधाने मेलेला जंतू आपली पानथरी पेशीतून अलगद उपसून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. निसर्गाने दिलेली ही गाळणी फुकट आहे.

पण येथे गल्लत करू नये. रक्त बदलणे वेगळे, डायलिसिस वेगळे. मलेरियाने मूत्रपिंडे बंद पडली तर रक्तात साठणारे विष काढावेच लागते. व्हिएतनाममध्ये अशा ७० रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक मलेरियाचे होते. पोटातून द्रव फिरवून शुद्धी केलेल्यांत शंभरात ४७ दगावले, यंत्राने रक्त गाळलेल्यांत १५. म्हणून डॉक्टर डायलिसिस सांगतील तेव्हा, आमच्या भाषणात ऐकले होते, असे म्हणून कोणी अडून बसू नये. अतिशय रक्तक्षय झालेल्या मुलाला रक्त चढवावे लागते, तेही निराळे. आपल्या शिबिरांतली पिशवी तिथे कामी येते.

जंतू गाळण्याची विद्या अगदीच वाया गेली असेही नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या बाबेसिया रोगात, जो अमेरिकेच्या ईशान्य भागात आढळतो, तीव्र रुग्णाचे रक्त अजूनही बदलतात. मध्य आफ्रिकेतल्या लोआ लोआ कृमीच्या आजारात रक्तात पिल्ले फार असतील तर एकदम औषध दिल्याने मेंदूला इजा होते, म्हणून काही मोठ्या रुग्णालयांत आधी यंत्राने त्यांची संख्या उतरवतात.

आपल्या गडचिरोलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांनी एवढे करावे. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासावे, आशाताईंकडे झटपट तपासणीची पट्टी असते. असंबद्ध बडबड, झटके, गुंगी, धाप, लघवी कमी होणे किंवा काळपट होणे यांपैकी काही दिसले तर गोळ्यांवर थांबू नये, रुग्णालय गाठावे. तिथे पहिला प्रश्न आर्टेसुनेटचे इंजेक्शन कधी सुरू होणार, हा विचारावा. पहिल्या दिवसात ते भरतीच्या वेळी, १२ तासांनी आणि २४ तासांनी देतात, आणि रुग्ण गिळू लागला की गोळ्यांचा पूर्ण कोर्स असतो. घरी आल्यावर चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण या औषधानंतर काहींच्या तांबड्या पेशी उशिरा फुटतात. तपासणीचा कागद जपून ठेवावा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवावा.

जयभीम.