यादीबाहेरची माणसं



या साहित्यिक कार्यक्रमाच्या अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल संयोजकांचे आभार मानते. व्यासपीठाला केलेल्या उताराबद्दल मात्र मानत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, दोन्ही बाजूंना कठडा, असा तो नियमाप्रमाणे केलेला आहे. नियमाप्रमाणे झालेल्या कामासाठी हात जोडायची आपली सवय आता मोडायला हवी.

मी अपंगांच्या हक्कांसाठी काम करते. ‘या कामातून तुम्हाला काय मिळतं?’ असं मला पत्रकार विचारतात, नातेवाईक विचारतात, तहसील कचेरीतले कारकूनही विचारतात. समाधान, आशीर्वाद, पुण्य, यांपैकी काहीतरी मी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. आशीर्वाद मला भरपूर मिळाले. पण बरेचसे कुणाचा तरी अर्ज भरून दिला म्हणून मिळाले, आणि तो अर्ज भरून घेणं ज्याचं काम होतं तो माणूस टेबलापलीकडे चहा पीत बसलेला होता. दुसऱ्याच्या कामचुकारपणावर माझी पुण्याई उभी राहणार असेल, तर ती मला नको.

मला मिळालं ते वेगळंच. मी पोलिओच्या पिढीची. कॅलिपर, कुबड्या, अंग वाढेल तसं पुन्हा नवं माप. आमच्या घरात प्रारब्धाला फार मान होता; आजीने तर तीन देवांना नवस बोलून ठेवले होते. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला तेव्हा शाळेला, घराला आणि मलाही एकच वाटलं, हिचे पाय कमी पडले. तो जिना कुणीतरी आखला होता, कुणीतरी मंजूर केला होता, त्याचं बिल कुणीतरी काढलं होतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन हाती आलं. १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करणारी, चाकाच्या खुर्चीत बसून संस्था चालवणारी बाई मराठीत स्वतःची गोष्ट स्वतः सांगते आहे, याचंच मला नवल वाटलं. तसाच हाती आला अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा. त्या डिसेंबरात अपंग हक्क चळवळीतले जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले होते आणि त्याच महिन्यात संसदेने तो मंजूर केला. भाषा रुक्ष, कलमं ढिली, ‘आर्थिक कुवतीनुसार’ अशा पळवाटा जागोजाग. तरीही तो वाचून संपल्यावर जिन्याचा दोष माझ्या पायांवरून उठला आणि जिना बांधणाऱ्याच्या माथी गेला. माझं खासगी दुखणं सार्वजनिक झालं. इतका मोकळेपणा मला कुठल्याच उपचाराने दिला नव्हता.

पण हा मोकळेपणा फार वर्षं पुरत नाही, हे आज जरा जोर देऊन सांगायचं आहे. स्वतःच्या अडचणीतून कामाला सुरुवात होते. ती तिथेच थांबली तर कामाची वतनदारी होते. आपल्या चळवळीत अशी वतनं आहेत. सरकारी नोकरीतल्या राखीव ४ टक्क्यांतला आमचा १ टक्का, तुमचा १ टक्का, यावरून अंधांच्या, कर्णबधिरांच्या आणि अस्थिव्यंग असलेल्यांच्या संघटना एकमेकींशी कशा भांडतात ते मी बैठकांमध्ये बसून पाहिलं आहे. मूठभर जागा टाकून माणसांना झुंजत ठेवणाऱ्या व्यवस्थेला हे भांडण सोयीचंच असतं.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. ऑटिझम, ॲसिड हल्ल्याच्या बळी, थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस ही नावं आली. तेव्हा आमच्यातल्याच काहींनी नाकं मुरडली, ‘हे आजारी आहेत, अपंग कुठे?’ अशाच एका बैठकीत चंद्रपूरकडचा एक सिकलसेलग्रस्त तरुण मला म्हणाला, “ताई, तुमची कुबडी दिसते तरी. मला कळ उठते तेव्हा मास्तर म्हणतात, नाटक करतो.” विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. कळा येतात तेव्हा माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे उभा राहतो त्या दिवशी तो धडधाकट दिसतो. तिथे ४० टक्के अपंगत्व भरलं तर दाखला, नाहीतर परत घर. दाखला मिळाला तरी नोकरीतल्या ४ टक्क्यांत रक्ताच्या आजारांना जागाच नाही. उच्च शिक्षणातल्या ५ टक्क्यांत आहे, नोकरीत नाही. म्हणजे सरकार त्याला शिकवणार आणि शिकल्यावर वाऱ्यावर सोडणार. ही विसंगती कायद्यातच बसलेली आहे आणि ती दूर करा असं म्हणायला कुबडीवाल्यांनी पुढे यायला हवं. कारण तो तरुण ज्या दिवशी येऊ शकत नाही, त्याच दिवशी त्याचा प्रश्न सर्वांत खरा असतो.

आमच्या पिढीला तर असं पुढे येण्याचं आणखी एक कारण आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्यासारख्या मुली आता घडणार नाहीत. पण आम्ही फक्त आमच्यासाठी लढलो असू, तर आमच्याबरोबर ही लढाईही स्मशानात जाईल.

यादीबाहेर राहणं म्हणजे काय, हे खरं तर आपल्यालाच चांगलं माहीत आहे. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. १९८१ साली विचारला होता, दहा वर्षांनी गाळून टाकला. २००१ साली तो परत आला तो आपल्या लोकांनी दिल्लीत आरडाओरडा केला म्हणून, आणि मग आपण सव्वादोन कोटींच्या घरात निघालो. २०२१ साली विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं तेही याच अंगाचं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या परीक्षार्थीला ४० टक्क्यांचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखनिक द्या, त्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्या एका माणसाच्या हट्टामुळे पुढच्या कितीतरी मुलांचे पेपर लिहिले जातील. त्यातलं एकही मूल त्यांना ओळखणार नाही, आणि आशीर्वाद द्यायला कुणी घरी येणार नाही. मला काय मिळतं असं विचारणाऱ्यांना मी आता हा निकाल वाचायला सांगते.

३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या, तीनचाकी वाटपाबद्दल, हारतुऱ्यांबद्दल आणि फोटोंबद्दल बोलायचं होतं, पण त्यावर आपण सगळेच पुरेसे वैतागलेले आहोत. त्यापेक्षा गावाकडे गेलात की ग्रामसभेत एवढंच विचारा, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दिव्यांगांसाठीचे ५ टक्के गेल्या वर्षी कशावर खर्च झाले? उत्तर येईपर्यंत उठू नका.

आता साहित्याकडे येते, कारण हे शेवटी साहित्याचं व्यासपीठ आहे. मराठी कथा-कादंबरीत अपंग पात्र बहुतेक वेळा कुणाच्या तरी पापाचं फळ म्हणून येतं, नाहीतर नायकाचं मन किती मोठं ते दाखवायला. यावर परिसंवाद पुष्कळ झाले, आणखी होतील. मला त्याहून बोचतो तो प्रश्न वाचकाचा आहे. आपल्या वाचकांच्या यादीत अंध माणूस आहे का? २००८ साली मुंबईतून स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं, तेव्हा मराठीत वृत्तपत्राची छपाई सुरू होऊन पावणेदोनशे वर्षं उलटली होती. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दृष्टिहीनांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये, ध्वनिरूपात किंवा संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणायला आता लेखकाची परवानगी लागत नाही. याच कामासाठी २०१३ साली माराकेशमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

कायदा आहे, करार आहे, फाईल नाही. आपली हजारो पुस्तकं जुन्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेली आहेत. ती पडद्यावर देवनागरी दिसतात, पण स्क्रीन रीडरला त्यात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचराच ऐकू येतो. मग कुणीतरी स्वयंसेवक पान-पान पुन्हा टाइप करतो, आणि परीक्षेला लागलेलं पुस्तक मुलाच्या हाती परीक्षा झाल्यावर पडतं.

म्हणून प्रकाशकांना आणि सभागृहातल्या लेखकांना एवढंच सांगते. यापुढच्या प्रत्येक करारात एक ओळ घाला: पुस्तक छापायला जाईल त्याच दिवशी त्याची युनिकोडमधली फाईल दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ग्रंथालयाला दिली जाईल. लेखकांनो, ती ओळ नसेल तर सही करू नका.