देवळालीची छावणी



देवळाली-भुसावळ पॅसेंजर आपल्या खानदेशातून पुष्कळ वर्षे धावत असे. तिच्या पाटीवरील देवळालीचे नाव आपणां सर्वांच्या ओळखीचे. परंतु स्वातंत्र्यानंतर त्या छावणीवर काय काय पालट आले, याचा विचार आपण क्वचितच करतो. आजच्या महोत्सवप्रसंगी त्याविषयी दोन शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

सह्याद्रीच्या पायरीवर, सुमारे १,८०० फूट उंचीवर, इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात ही छावणी वसविली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या आगबोटीची वाट पाहत येथे राहत. आगबोटी हिवाळ्यातच सुटत; ज्याची बोट चुकली त्यास महिनोन् महिने तिष्ठावे लागे. डोके फिरलेल्या मनुष्यास इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात, ते या गावाच्याच नावावरून.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची गोरी पलटण मुंबईहून बोटीत चढली. आता ही छावणी ओस पडणार, असे कोणासही वाटले असते. परंतु फाळणीने सिंधमधून उखडलेल्या कुटुंबांना तिने आसरा दिला. गोऱ्या शिपायास निदान घरी जावयाचे होते. या लोकांस परत जाण्यास घरच उरले नव्हते. त्यांतील कित्येकांनी तेथेच दुकाने घातली, मुलांस शिकविले आणि देवळालीस आपले गाव केले.

दुसरे बिऱ्हाड तोफखान्याच्या शाळेचे. ही शाळा मूळची काकूलची. १९४१ साली ती देवळालीस आली. १९४७ साली सैन्याची वाटणी झाली, काकूल पाकिस्तानात गेले, पण शाळा येथेच राहिली. तेव्हापासून भारतीय तोफखान्याचे अधिकारी येथे शिकत आले आहेत. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी दोन नव्या तोफा येथेच सैन्यास सोपविण्यात आल्या : एक ‘वज्र’, जिची बांधणी सुरतेजवळ हजिऱ्यास होते, दुसरी अमेरिकन बनावटीची, हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येण्याइतकी हलकी.

परंतु तोफांहून अधिक मोलाची अशी एक गोष्ट आपण ध्यानी धरावी. १० ऑक्टोबर २०२४ रोजी याच छावणीत सराव चालू असता गोळा फुटून दोन अग्निवीर मरण पावले. दोघेही विशीच्या आसपासचे. युद्ध नव्हते, शत्रू समोर नव्हता. रणांगणी पडलेल्यास आपण हार घालतो, आणि शिकता शिकता पडलेल्याचे नावही लवकर विसरतो. हा भेद आम्हांस न्याय्य वाटत नाही. देशासाठी जीव पणास लावण्याचा निश्चय मनुष्य करतो तो घर सोडताना. मरण कोठे यावे हे त्याच्या हाती नसते.

आपल्या धुळे-जळगावच्या खेड्यांतूनही मुले सैन्यात जातात. ज्या घरचा मुलगा आज अशा एखाद्या छावणीत शिकत आहे, त्या घराची वास्तपुस्त युद्धाची बातमी येण्यापूर्वीच आपण करीत जावी, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.