देह हजर करा



आजच्या विषयाला आम्ही एका अर्जापासून आरंभ करणार आहोत. कायद्यात त्याला ‘हेबियस कॉर्पस’ म्हणतात. शब्द लॅटिन आहेत, पण अर्थ साधा आहे: देह हजर करा. ज्याला धरून ठेवले आहे त्याला न्यायाधीशापुढे आणा आणि का धरले ते सांगा, एवढीच त्यात मागणी असते. तो माणूस निर्दोष आहे असा दावाही करावा लागत नाही. एवढ्याशा मागणीला बलाढ्य सरकारे का भितात, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

11 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेवर हल्ला झाला आणि सुमारे 3000 माणसे मेली. न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले. त्याच शहरात मायकेल रॅटनर नावाचे वकील राहत होते. ‘सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल राइट्स’ या संस्थेतून त्यांनी अनेक वर्षे नागरी हक्कांचे खटले लढविले होते. 13 नोव्हेंबर रोजी अध्यक्ष बुश यांनी परकीय संशयितांना लष्कराच्या ताब्यात ठेवण्याचा हुकूम काढला. 11 जानेवारी 2002 रोजी पहिले 20 कैदी क्यूबातील ग्वांटानामो येथील अमेरिकन नाविक तळावर उतरविण्यात आले. पुढे तेथे एकंदर सुमारे 780 माणसे ठेवली गेली.

ही जागा सहज निवडलेली नव्हती. 1903 पासून ती जमीन अमेरिकेकडे भाडेपट्ट्याने आहे. ताबा अमेरिकेचा, सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री क्यूबाचे. म्हणून आमच्या न्यायालयांचा अधिकार तेथे चालत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. घर माझे नव्हे म्हणायचे आणि किल्ली मात्र आपल्याच कनवटीला ठेवायची, असा हा प्रकार! रॅटनर यांना ही युक्ती नवीन नव्हती. हैतीच्या निर्वासितांना याच तळावर अडकवून ठेवले होते, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खटला चालवून 1993 मध्ये त्यांची सुटका करविली होती.

फेब्रुवारी 2002 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी कैद्यांच्या वतीने अर्ज केला. शहराच्या जखमा ओल्या होत्या. द्वेषाने भरलेली पत्रे संस्थेकडे येऊ लागली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी 1950 सालच्या एका निकालाचा आधार घेऊन अर्ज फेटाळला. रॅटनर थांबले नाहीत. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने जी निवेदने आली, त्यांत एक फ्रेड कोरेमात्सु यांचे होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबण्यात आले, त्या हुकुमाविरुद्ध लढून 1944 मध्ये हरलेले हे गृहस्थ. साठ वर्षांनी ते परक्यांसाठी उभे राहिले.

मध्यंतरी कोठडीत काय चालले होते? ऑगस्ट 2002 मध्ये सरकारच्याच कायदेपंडितांनी एक मत लिहून दिले. शरीराचा अवयव निकामी होताना किंवा मरताना होतात तशा वेदना झाल्या तरच त्याला शारीरिक छळ म्हणावे, असे त्यात होते. पुढे 2004 मध्ये ते मागे घ्यावे लागले. शफीक रसूल हा इंग्लंडमधील टिप्टन गावचा तरुण. ज्याच्या नावाने तो खटला ओळखला जातो तोच हा. एका चित्रफितीत बिन लादेनजवळ बसलेला तूच, असे चौकशीत त्याला सांगण्यात आले. एकांतकोठडी आणि जखडून ठेवून केलेल्या उलटतपासण्या सोसून अखेर त्याने ‘होय’ म्हटले. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शहानिशा केली, तेव्हा तो त्या काळात इंग्लंडमध्येच होता असे निघाले! मार्च 2004 मध्ये त्याला कोणताही आरोप न ठेवता सोडून दिले.

श्रोतेहो, छळाने सत्य निघत नाही. विचारणाऱ्याला जे ऐकायचे असते ते निघते. आणि ते खोटे आहे हे दाखवायला बाहेरचा कोणी तेथे नसेल, तर खोट्याचेच खरे होऊन बसते. म्हणून अनिश्चित स्थानबद्धता आणि छळ हे दोन निराळे प्रश्न नाहीत. पहिली असली की दुसऱ्याला जागा आपोआप मिळते.

28 जून 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितले की, ग्वांटानामोच्या कैद्यांना अर्ज करता येईल. शेकडो वकील या कामासाठी पुढे आले आणि अशिलांना भेटू लागले. कायदेमंडळाने 2005 व 2006 मध्ये ते दार पुन्हा लावले. 2008 मध्ये न्यायालयाने ते पुन्हा उघडले.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. आणीबाणीत येरवडा आणि नाशिकच्या तुरुंगांत ‘मिसा’खाली माणसे होती, त्यांच्यापैकी काहींच्या घरचे लोक आज या सभेतही असतील. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले होते. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी ते दार लावले. त्या खटल्यात स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात गेले. तो निकाल चूक होता, हे न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट शब्दांत म्हटले.

आता एक आक्षेप. ज्यांनी निरपराधांचे रक्त सांडले, त्यांना वकील कशाला? याचे उत्तर मुंबईने दिले आहे. 2008 च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबचे वकीलपत्र घ्यायला प्रथम कोणी तयार होईना. तरीही त्याला वकील मिळाला, साक्षीपुरावे तपासले गेले, अपिले झाली आणि शिक्षेची अंमलबजावणी 2012 मध्ये येरवड्यात झाली. त्याचा गुन्हा उघड न्यायालयात सिद्ध झाला, म्हणून त्याविषयी शंका उरली नाही.

रॅटनर 11 मे 2016 रोजी वारले. ग्वांटानामोचा तुरुंग त्यांच्या हयातीत बंद झाला नाही. जानेवारी 2025 मध्येही तेथे 15 कैदी होते. म्हणजे लढाई अर्धीच जिंकली, हे आम्ही लपवीत नाही.

आपल्या संविधानाचे 22 वे कलम अटक केलेल्याला 24 तासांच्या आत न्यायाधीशापुढे न्या, असे सांगते. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र तेच कलम या नियमातून वगळते. तेव्हा आपल्या गल्लीतून कोणाला नेले, तर ‘त्याने काय बरे केले असेल?’ हा प्रश्न आपल्या तोंडी पहिल्याने येतो. आमची विनंती एवढीच, की त्याआधी दुसरा विचारावा: त्याला कोणत्या न्यायाधीशापुढे नेले, आणि केव्हा?