बाळंतिणीचे ताट आणि बाळाची पोटदुखी

(कुर्ला येथे माता-पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. वृत्तपत्राच्या व्यवसायात त्या मंडळींशी बोलणे होते, थोडे वाचन होते. त्याच्या आधारावर आज उभा आहे. विषय घरगुती आहे. पण तो किती सुनांच्या डोळ्यांत पाणी आणतो, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको.

आपल्या कुर्ल्यातील चाळींत भिंतीला भिंत लागून संसार चालतात. दिवेलागणीच्या सुमारास दीड महिन्याचे बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडू लागते. तास उलटतो, दोन तास उलटतात. मग घरातून प्रश्न येतो, "आज काय खाल्लंस गं?" त्या प्रश्नात विचारपूस कमी आणि आरोप अधिक असतो. दुसऱ्या दिवशी ताटातून वांगे जाते, मग कोबी, मग डाळ, मग पालेभाजी. उरतो मऊ भात आणि तूप. बाळ मात्र रडतच असते.

हे रडणे आहे तरी काय? वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने 1954 मध्ये त्याचा निकष सांगितला: दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक. साधारणतः पाचांतील एका बाळाला हा त्रास होतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो शिगेला पोहोचतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप शमतो. त्या वेळी घरात जे औषध चालू असेल, त्याला यशाचे श्रेय मिळते, ही गोष्ट वेगळी! वरच्या दुधावरील बाळेही तितकीच रडतात. मग सारा दोष आईच्या जेवणावर कसा टाकायचा?

डाळी-कोबीने आईच्या पोटात वायू धरतो, हे खरे. परंतु तो तिच्या आतड्यात तयार होतो. दूध रक्तातील घटकांपासून बनते. तो वायू दुधातून बाळाच्या पोटात उतरत नाही. पदार्थांचा वास मात्र उतरतो. 1991 मध्ये अमेरिकेत मातांना लसूण देऊन पाहिले, तेव्हा बाळे तोंड फिरवण्याऐवजी अधिक वेळ अंगावर पिऊ लागली.

आईच्या आहाराचा दुधाशी संबंध जोडणे आपल्याला नवे नाही. चरकांनी आठ क्षीरदोष सांगितले. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात तर न बोलणाऱ्या बाळाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून ओळखायला शिकवले आहे. पोट दुखणारे बाळ स्तन सोडून रडते, हे निरीक्षण तेथे आहे. पण बाळंतिणीला अर्धपोटी ठेवणे ही परंपरा नव्हे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा यांत तिचे भरण-पोषण आहे. आजचे आहारशास्त्रही पहिले सहा महिने तिला रोज सुमारे 600 कॅलरी अधिक लागतात, असे सांगते.

एका पदार्थावर मात्र खरा संशय आहे, आणि तो आपण तिला आग्रहाने पाजतो: गाई-म्हशीचे दूध. 1978 मध्ये स्वीडनमधील याकोबसन आणि लिंडबर्ग यांनी अंगावर पिणाऱ्या 19 बाळांच्या मातांचे दूध बंद केले. 13 बाळांचे रडणे थांबले. गाईच्या दुधातील प्रथिनांचा अंश आईच्या दुधात उतरू शकतो आणि काही बाळांना तो सोसत नाही. तरीही हा सर्वांसाठी नियम नव्हे. 2018 मध्ये कोक्रेनने सर्व चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा आहारबदलाच्या बाजूचा पुरावा तुटपुंजाच ठरला.

म्हणून त्रास फार असेल, तर डॉक्टरांना विचारून दूध, दही, पनीर, खवा दोन आठवडे बंद करून पाहावे. तेवढ्या काळात नाचणी आणि तीळ ताटात हवेतच. फरक पडला नाही, तर दूध पुन्हा सुरू करावे आणि दुसरा पदार्थ तोडण्याच्या मागे लागू नये. चहाचे कप मात्र मोजावेत. एका बाजूचे दूध बाळाला पुरते पिऊ द्यावे, मग दुसरी बाजू द्यावी. घाईने बाजू बदलली की साखरेचा भाग अधिक जाऊन पोट गुरगुरते.

अंगावरचे दूध तोडून बाटली लावणे, हा तर उपाय नव्हेच. कुर्ल्याच्या पुढच्याच स्थानकाला, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली, ती आईच्या दुधाचे मोल ओळखूनच. सहा महिन्यांपर्यंत गुटी, ग्राइप वॉटर यांपैकी काहीही नको आणि मध तर एक वर्षापर्यंत नको. आजीबाई रागावतील, पण बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारण्याचे काम त्यांना आणि बाळाच्या वडिलांनाही आनंदाने द्यावे. आईला त्या वेळी जेवू द्यावे.

मात्र हिरवी उलटी, शौचातून रक्त, ताप, वजन न वाढणे, दूध ओढण्याची शक्ती नसणे, यांपैकी काही दिसले, तर ती नेहमीची पोटदुखी समजू नये. भाभा रुग्णालय गाठावे, राजावाडी गाठावे, रात्रीचे दोन वाजले असले तरी.