पॅच केबल: वीतभर वायरीचा भरवसा

मी बेंगळुरूत राहते, गिटार वाजवते आणि इतर वादकांचे पेडलबोर्ड बांधून देते. आजचा विषय वीतभर लांबीचा आहे: दोन पेडलांना जोडणारी पॅच केबल.

माझ्याकडे येणारी मंडळी ओव्हरड्राइव्हबद्दल तासभर बोलतात. एकेका पेडलवर दहा-पंधरा हजार घातलेले असतात. केबल मात्र दुकानदाराने सहाच्या पाकिटात दिली ती. आणि "बोर्ड बंद पडला" म्हणून तो माझ्या टेबलावर येतो, तेव्हा बहुतेक वेळा पेडल ठणठणीत असतं.

हे हौसेपुरतं असतं तर मी एवढं बोलले नसते. पण आपल्यातले कितीतरी जण लग्नाच्या हंगामात, कॉलेजच्या फेस्टमध्ये, हॉटेलात वाजवून घर चालवतात. सोलोच्या वेळी आवाज गेला, तर कार्यक्रम ठरवणारा माणूस भांडत नाही. तो पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला करतो.

आता साधा हिशेब करू. बोर्डवर आठ पेडलं एकामागे एक आहेत. म्हणजे मध्ये ७ पॅच केबल आणि १४ प्लग. सगळे एकाच रांगेत, त्यामुळे एक तुटला की सगळं गप्प. समजा, प्रत्येक केबल शंभरातल्या ९९ कार्यक्रमांत नीट चालते. ऐकायला छान वाटतं ना? पण सातही केबल एकाच वेळी नीट चालण्याची शक्यता ९३ टक्क्यांवर येते. वर्षाला शंभर कार्यक्रम करणाऱ्यासाठी साधारण सात संध्याकाळी गोंधळ. पेडलं वाढवाल तसा हा आकडा वाढतो.

"पण टोनचं काय?" हा प्रश्न मला नेहमी येतो. केबलमध्ये कपॅसिटन्स असतो आणि तो वरचे सूर थोडे दाबतो, हे खरं. गिटारच्या चांगल्या केबलला मीटरमागे साधारण १०० ते १५० पिकोफॅराड धरा. २० सेंटिमीटरच्या सात पॅच केबल मिळून होतात १.४ मीटर, म्हणजे जास्तीत जास्त २१० पिकोफॅराड. तुमची गिटारपासून बोर्डपर्यंतची ६ मीटरची केबल एकटीच ६०० ते ९०० घेऊन बसली आहे. शिवाय सुरुवातीला बफर असलेलं पेडल असेल, तर पुढच्या केबलचा परिणाम जवळजवळ उरतच नाही. म्हणून पॅच केबल घेताना टोनच्या जाहिरातीवर जास्तीचे पैसे घालू नका. ते पैसे प्लगवर घाला.

प्लगवरच का? कारण मधली तार सहसा तुटत नाही. तुटतं ते वायर आणि प्लग जिथे भेटतात तिथे. पाकिटातल्या स्वस्त केबलचा प्लग प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला असतो. आत जोड कसा दिलाय ते दिसत नाही आणि बिघडला तर उघडता येत नाही. माझा पहिला नियम हा: ज्या प्लगचं झाकण उघडतं, तोच घ्या. न्यूट्रिक, स्विचक्राफ्ट यांचे असे प्लग मिळतात. मात्र बाजारात नकली मालही आहे, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. झाकण उघडून बघा. डाख गुळगुळीत हवा. दाणेदार दिसला तर तो जोड कच्चा असू शकतो. वायरीच्या बाहेरच्या आवरणाला घट्ट पकडणारी पट्टी हवी, म्हणजे केबल ओढली गेली तरी ताण जोडावर येत नाही.

चपट्या प्लगबद्दल एक इशारा. त्याने जागा वाचते, पण आत जागा इतकी कमी असते की झाकण दाबल्यावर कधीकधी आतला जोड त्यालाच टेकतो. टेकला की आवाज बंद. तिथे आत इन्सुलेशनचा तुकडा आहे का ते बघा.

सोल्डरलेस किट चांगलं की वाईट? कापा, बसवा, स्क्रू आवळा, झालं. हव्या त्या लांबीची केबल दहा मिनिटांत तयार होते आणि घरच्या बोर्डला ती उत्तम. पण वायर नेमकी सरळ कापली पाहिजे. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा धागा मधल्या तारेला लागला की आवाज गेला. ज्यांचा बोर्ड दर आठवड्याला रेल्वेत आणि टेम्पोत हादरे खातो, त्यांना मी डाख दिलेली केबलच देते. दोन पेडलं जोडणारे कडक, झेड आकाराचे कपलर मात्र टाळा. पेडलवर पाय पडला की सगळा जोर शेजारच्या पेडलच्या जॅकवर जातो. केबलची झीज परवडते, जॅकची नाही.

सोन्याचा मुलामा हवाच असं नाही. सोनं गंजत नाही, पण मऊ असतं. निकेल कणखर. कोची, चेन्नई, कोलकाता अशा दमट हवेच्या शहरांत असाल, तर पावसाळ्यानंतर प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. मुलाम्यापेक्षा ती सवय कामाची.

आता तपासणी. साधा मल्टिमीटर बझरवर ठेवा. प्लगचं टोक म्हणजे टिप, मागचा लांब भाग म्हणजे स्लीव्ह. टिप ते टिप वाजलं पाहिजे, स्लीव्ह ते स्लीव्ह वाजलं पाहिजे, टिप ते स्लीव्ह वाजता कामा नये. हे करताना वायर प्लगपाशी हलवत राहा. आवाज तुटक आला तर ती केबल आजच बाजूला काढा. स्टेजवर ती हमखास दगा देणार.

आणि स्टेजवर बंद पडलंच तर? आधी कान द्या. जोरात घरघर येत असेल तर बहुधा जाळीचा जोड सुटलाय. पूर्ण शांतता असेल तर मधली तार तुटली किंवा शॉर्ट झालंय. एकेक केबल तपासत बसू नका. गिटारची केबल थेट चौथ्या पेडलनंतर लावा. आवाज आला तर दोष पहिल्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्या. आठ पेडलांत तीन पायऱ्यांमध्ये दोष सापडतो. तेवढाही वेळ नसेल तर गिटार सरळ अँपला लावा आणि गाणं पूर्ण करा.

बॅगेत दोन जादा पॅच केबल ठेवा, आणि दोन्ही तुमच्या बोर्डवरच्या सर्वांत लांब केबलएवढ्या. लांब केबल छोट्या जागी चालते, छोटी लांब जागी पोचत नाही.

सामान कुठे मिळेल? बेंगळुरूत एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, दिल्लीत लाजपत राय मार्केट, मुंबईत लॅमिंग्टन रोड. प्लग, वायर, डाख एकाच फेरीत होईल. डाख देणं एका दुपारी शिकता येतं, आणि एकदा हात बसला की केबल तुमच्या ताब्यात राहते.

तर या रविवारी एक तास काढा. बोर्ड उलगडा, प्रत्येक केबल हलवून तपासा, संशय आला तिला सुट्टी द्या. पुढच्या भागात पॉवर सप्लाय आणि त्याच्या घरघरीबद्दल बोलू. तोवर वाजवत राहा.