वैरण तोलून घाला

(शेतकरी मेळाव्यांत केलेलें भाषण)



फाल्गुन सरला कीं बाजारांत बैल उतरूं लागतात. वैरण संपत आली, आतां याला पावसाळ्यापर्यंत उभा कसा करावा, या धास्तीनें मालक कासरा दलालाच्या हातीं देतो. आणि मृगाच्या तोंडीं चढ्या दामानें दुसरा बैल घेण्यासाठीं कर्ज काढतो. १९७२ च्या दुष्काळांत दावणी ओस पडल्या, त्यास उपाय नव्हता. पण बऱ्या पिकाच्या वर्षींहि हेंच घडतें, कारण पुष्कळ वैरण पोटांत न जातां पायांखालीं जाते.

अख्खी पेंढी टाकली म्हणजे बैल पानें ओरबाडतो, बुडखे टाकतो आणि त्यावरच बसतो. सकाळीं तें उष्टें एकदां तोलून पाहा, म्हणजे आमच्या सांगण्याची गरज उरणार नाहीं. तीच पेंढी बोटाच्या पेराएवढी कुटून घातली तर बुडखाहि खपतो.

आतां थोडें गणित. ४०० किलो वजनाच्या बैलास रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे १० किलो सुका अंश लागतो. हिरव्या चाऱ्यांत पांच हिश्शांपैकीं चार हिस्से पाणीच. म्हणून १५ किलो हिरवा मका घातला तरी सुका अंश ३ किलोच जातो. त्याला ७ किलो कुटी, किलोभर पेंड, चिमूटभर नव्हे तर मोजून ३० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम क्षारमिश्रण जोडा. हिशेब बरोबर जमतो. सारें एकत्र कालवून घाला, नाहींतर पेंड चाटून तो कुटी तशीच ठेवील.

चांगला कडबा असेल त्यानें एवढेंच करावें. पण ज्याच्याजवळ नुसतें गव्हाचें काड किंवा भाताचा पेंढा आहे, त्याचा बैल पोट भरूनहि खंगतो, कारण त्यांत प्रथिनें शेंकडा तीन-चारच असतात. त्यास युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो काडास ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यांत पुरता विरघळलेला. काडाचा थर पसरावा, झारीनें पाणी शिंपावें, पायांनीं दाबावें, वर दुसरा थर. शेवटीं मेणकापडानें झांकून कडांवर माती लोटावी व तीन आठवडे हात लावूं नये. युरियाचा अमोनिया होतो, तो काडाचा कठीणपणा सैल करतो, आणि जनावराच्या पहिल्या पोटांतले सूक्ष्म जंतु त्यापासून प्रथिनें बनवितात. प्रमाण शेंकडा सातापर्यंत चढतें. उघडल्यावर डोळ्यांस झोंबणारा वास येतो. तो उडेपर्यंत काड पसरून ठेवावें, मगच घालावें. आरंभीं मूठभर, मग वाढवीत दहा-पंधरा दिवसांत पुरतें. पोटांतल्या जंतूंना बदल एकदम सोसत नाहीं.

सहा महिन्यांच्या आंतल्या वासरांस व घोड्या-गाढवांस हें मुळींच घालूं नये. युरियाचें पाणी उघड्या बादलींत क्षणभरहि सोडूं नये; तहानेलें जनावर तोंड घालील आणि तासाभरांत थरथरून, पोट फुगून पडेल. तसें झाल्यास अंगारा-धुपारा करीत न बसतां गुरांचा डॉक्टर बोलवा. हें घरच्या बायकांस आधीं समजावा. वैरण त्याच टाकतात, आणि आजच्या सभेला मात्र तुम्ही पुरुषच आलां आहां!

मुरघासाविषयीं पुढें कधीं बोलूं. त्यास हिरवा चारा लागतो आणि तो मुबलक असतांनाच दाबून ठेवावा लागतो. तूर्त शाळेच्या पडवींत वजनकांटा मांडून ठेविला आहे. रविवारीं ज्यानें त्यानें आपली एक पेंढी व सकाळचें उष्टें घेऊन यावें. बेरीज-वजाबाकी चौथीचीं मुलें करून देतील.